लंडनच्या टॅक्सीवाल्यांचे पाठांतर

लंडनमध्ये काळी टॅक्सी चालवायची तर शहर तोंडपाठ असावे लागते. त्यासाठीच्या परीक्षेला तिथे नुसते ‘द नॉलेज’ म्हणतात. ती 1865 पासून चालू आहे. तेव्हा टॅक्सी म्हणजे घोडागाडी, आणि गाडीवानांचे परवाने पोलिसांच्या ताब्यात. पुढे घोडे गेले, मोटारी आल्या, 2000 मध्ये कारभार ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’कडे गेला, पाठांतर मात्र सुटले नाही.

चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे 25,000 रस्ते, 320 ठरलेले मार्ग, शिवाय रुग्णालये, नाट्यगृहे, हॉटेले, न्यायालये आणि पुतळेसुद्धा, असा हा अभ्यासक्रम. पहिला मार्ग मॅनर हाउस स्टेशन ते गिब्सन स्क्वेअर. उमेदवार मोपेडच्या हँडलवर नकाशा लावून ऊनपावसात गल्ल्या पालथ्या घालतो. घरी भिंतीवरच्या नकाशावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणतो, त्या दोऱ्यापासून कमीत कमी ढळणारी वाट शोधतो आणि ती मोठ्याने म्हणत पाठ करतो. मग तोंडी परीक्षा. सूट-टाय घालून बसलेल्या उमेदवाराला परीक्षक दोन ठिकाणे सांगतो. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचा प्रत्येक रस्ता, प्रत्येक डावे-उजवे वळण नकाशाशिवाय, ओळीने म्हणून दाखवायचे. अशा दोन फेऱ्यांत सुरुवातीला 56 दिवसांचे अंतर असते, पुढे 28 आणि शेवटी 21. परवान्याचा हिरवा बिल्ला मिळेपर्यंत तीन-चार वर्षे सहज जातात. कित्येक जण मधेच सोडून देतात.

मेंदूच्या अभ्यासकांना ही घोकंपट्टी म्हणजे आयताच मांडून ठेवलेला प्रयोग होता. लंडनमध्येच काम करणाऱ्या जॉन ओकीफ यांना 1971 मध्ये उंदरांच्या हिपोकॅम्पसमध्ये ठरावीक जागी गेल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या होत्या. त्याबद्दल 2014 चे नोबेल त्यांना मोझर दांपत्यासोबत विभागून मिळाले. हिपोकॅम्पस हा मेंदूच्या आतल्या बाजूचा, समुद्रघोड्यासारखा वळलेला भाग. माणसाच्या बाबतीत तिथे काय घडते, हे पाहण्यासाठी एलेनॉर मॅग्वायर यांनी 16 टॅक्सीचालकांचे मेंदू एमआरआयने तपासले. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: चालकांच्या हिपोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा, पुढचा लहान, आणि धंद्यात जितकी वर्षे जास्त, तितका फरक ठळक.

यावर शंका निघाली. कदाचित दिवसभराच्या ड्रायव्हिंगनेच हे होत असेल. म्हणून 2006 मध्ये बसचालकांशी तुलना झाली. तेही त्याच शहरात, त्याच गर्दीत गाडी हाकतात, पण मार्ग नेमून दिलेला. त्यांच्यात तो बदल नव्हता. दुसरी शंका अधिक चिवट होती: मुळातच मोठा हिपोकॅम्पस असणारेच या धंद्यात टिकत असतील तर? मग 79 उमेदवारांना तयारीच्या सुरुवातीलाच तपासले गेले. काही वर्षांनी त्यांतले 39 उत्तीर्ण झाले, आणि वाढ दिसली ती फक्त त्यांच्यात. 2011 चा हा अभ्यास सगळ्यांत महत्त्वाचा, कारण सुरुवातीला दोन्ही गट सारखेच होते. नापास झालेल्यांनी आठवड्याला तासही कमी दिले होते, हे विसरून चालत नाही.

या कमाईची किंमतही नोंदली गेली आहे. गुंतागुंतीची आकृती एकदा पाहून थोड्या वेळाने आठवणीने काढायला सांगितली, तर टॅक्सीचालक इतरांपेक्षा मागे पडले.

वाट स्वतः शोधणे सोडले तर मेंदूत काय होते, हा प्रश्न फोनवरच्या नकाशाने आता सर्वांच्याच दारात आणला आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 24 जणांनी सोहो भागातल्या रस्त्यांच्या चित्रफितींतून वाट काढली आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूची नोंद घेतली गेली. स्वतः वाट शोधताना नवा रस्ता लागला की हिपोकॅम्पस चेतत होता, फाटे जास्त तर अधिकच. यंत्राच्या सूचनेवर चालताना ही हालचाल दिसली नाही. यंत्राने मेंदू आक्रसतो, असे यातून सिद्ध होत नाही. यंत्र वाट सांगत असताना मेंदूचा हा भाग फाट्यांचा हिशेब करत बसत नाही, एवढेच दिसते. उपग्रहाच्या नकाशावर चालणाऱ्या भाड्याच्या गाड्या लंडनमध्ये धावत असल्या, तरी काळ्या टॅक्सीसाठी आजही सूट-टाय घालून तोंडी परीक्षा द्यावी लागते.