पितळी बॅटरी आणि रात्रीची वीज

आपल्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आत घालतात ते सेल. विजेरी हा शब्द शाळेच्या पुस्तकातून बाहेर कधी आलाच नाही.

सध्या नाशिकच्या पोरांमध्ये खिशातल्या बॅटऱ्यांवर जोरात वाद चालतात. हरिहर-साल्हेरला जाणारे ट्रेकर, साप पकडणारे, निफाड-सिन्नरचे तरुण शेतकरी. कुणाला ॲल्युमिनियमचं काळं मॅट अंग हवं, कुणाला बटण मागेच हवं, कुणी नुसत्या क्लिपवरून भांडतो. ऐकताना वाटतं, हीच पारख आपल्या आजोबांनीही केली होती, फक्त पितळेवर.

वस्तू मूळची न्यूयॉर्कची. डेव्हिड मिसेलच्या रचनेला १० जानेवारी १८९९ रोजी पेटंट मिळालं, धंदा उभा केला कॉनराड ह्युबर्टने. तेव्हाचे सेल इतके दुबळे, की दिवा क्षणभर लावायचा आणि विझवायचा. म्हणून तिकडे नाव पडलं फ्लॅशलाइट, लखकन चमकणारा उजेड. एव्हरेडी भारतात आली १९०५ मध्ये, आणि १९५८ पासून लखनौच्या कारखान्यात इथेच बॅटऱ्या बनू लागल्या. त्यांची ‘जीवन साथी’ ही पितळी बॅटरी खेड्यापाड्यात पोचली.

ज्या गावात तांबट लेन आणि भांडी बाजार आहे, त्या गावाला पितळ शिकवावं लागत नाही. मी लहानपणी पाहिलेली म्हातारी माणसं बॅटरी आधी पेटवत नसत. हातात तोलायची, नखाने टिचकी मारायची, मागचं झाकण फिरवून आटे बघायची. पत्रा पातळ असला की आवाजच सांगायचा. निकेलचा मुलामा पुढे उडायचाच, पण खाली पितळ होतं, चिंचेने घासलं की पुन्हा लख्ख. अंगावरच्या पन्हळी शोभेच्या नव्हत्या, चिखलाचा हात निसटू नये म्हणून होत्या. काहींच्या तोंडाची कडा अष्टकोनी असायची, बांधावर ठेवली तर गडगडत नसे. मागच्या कडीत सुतळी ओवून ती गळ्यात अडकवता यायची, कारण दारं धरताना दोन्ही हात फावड्याला लागतात.

खोट होती ती सेलमध्ये. जस्ताचं आवरण हेच सेलचं एक टोक, वीज देता देता तेच झिजतं. भोक पडलं की मसाला बाहेर, मग स्प्रिंग खलास. जाता जाता सांगतो, हे लाल सेल बनवणारी कंपनी म्हणजेच युनियन कार्बाइड इंडिया, १९८४ च्या भोपाळची. १९९४ मध्ये ती विकली गेली आणि नंतर एव्हरेडी इंडस्ट्रीज झाली. घराघरात सेल तेच, नाव मात्र वेगळं.

मग एलईडी आला. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड शक्य झाला, त्याला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. उजेडाच्या बाबतीत जुनी पितळी आता जवळपासही उभी राहत नाही, उगाच जुन्याचं कौतुक नको. पण स्वस्तातली प्लॅस्टिकची चार्जिंगवाली उघडता येत नाही. आतला सेल मेला की अख्खी वस्तू उकिरड्यावर. पूर्वी दोन रुपयांचा बल्ब बदलून भागायचं. महागड्या ॲल्युमिनियमवाल्या पोरांचा ‘सेल बाहेर काढता आला पाहिजे’ हा हट्ट मला म्हणूनच पटतो.

शेतकऱ्यांचं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे. पायाखालचा साप दिसायला उजेड पसरट हवा, उसाच्या कडेचे बिबट्याचे डोळे चमकायला लांब पल्ल्याचा झोत हवा. जुनीचं तोंड फिरवून झोत लहानमोठा करता यायचा. नव्या बऱ्याच बॅटऱ्यांमध्ये दोन्हीपैकी एकच मिळतं. म्हणून कुणी दोन बाळगतो, एक कपाळाला आणि एक हातात. गोदा-दारणेच्या पट्ट्यात ही हौस नाही, अंगावर बेतणारी गरज आहे.

आणि ही गरज निर्माण केली कुणी? कृषिपंपाच्या विजेच्या वेळापत्रकाने. थ्री फेज रात्रीची असली की माणूस अंधारात बारे द्यायला जाणारच. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. मी तालुक्यातालुक्याची माहिती जमवतोय. तुमच्या फीडरवर अजून रात्रपाळी आहे का, असल्यास किती वाजता वीज येते आणि कधी जाते, गावाच्या नावासह खाली लिहा. हातात कुठली बॅटरी असते तेही लिहा.