माथा ते पायथा

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या नकाशात एक विसंगती सहज दिसते. पूर्णेवर सिद्धेश्वर आणि पैनगंगेवर इसापूर अशी दोन मोठी धरणे येथे आहेत. तरीही माळावरच्या अनेक वस्त्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते. संत नामदेवांच्या नर्सीजवळून वाहणारी कयाधूही उन्हाळ्यात आटते. धरणाचे पाणी कालव्याने खालच्या शिवाराला मिळते; माथ्यावर राहणाऱ्यांकडे ते चढून जात नाही.

माथ्यावरच्या या माणसाचा विचार आधी करावा, हे महाराष्ट्राला ज्यांनी शिकविले त्यांत एका येशूसंघीय धर्मगुरूचे स्थान मोठे आहे. फादर हर्मन बाखर मूळचे स्वित्झर्लंडचे. १९४८ साली ते भारतात आले आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्यांमध्ये त्यांनी आयुष्य वेचले. १९७२ च्या दुष्काळाने एक गोष्ट साऱ्यांनाच शिकविली होती: विहिरी वाढविल्याने उपसा वाढतो, पाझर वाढत नाही. पावसाचा थेंब पडतो तिथेच मुरला, तरच विहिरीला पाणी राहते.

या जाणिवेतूनच पुढे भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. १९८९ साली त्याची सुरुवात झाली आणि त्याला साहाय्य करण्यासाठी फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली. कामाचा क्रम ठरलेला होता: आधी माथ्यावर समतल चर व झाडे, मग उतारावर बांधबंदिस्ती, आणि शेवटी नाल्यात बंधारे. वरची माती न अडविता खाली बांधलेला बंधारा गाळाने भरून जातो. पण या तांत्रिक क्रमात न्यायही आहे. माथ्यावरची जमीन बहुधा सर्वांत हलकी आणि तिच्यावर पोट असणारे सर्वांत गरीब असतात.

या कार्यक्रमाची दुसरी थोरवी म्हणजे त्याने शिक्षणाला निधीच्या आधी स्थान दिले. ग्रामसभेने पाणलोट समिती निवडायची, गावाने श्रमदान करायचे, थोड्या क्षेत्रावर काम करून शिकायचे, आणि मगच मोठ्या कामाला हात घालायचा.

हे शिक्षण सोपे नव्हते. डोंगर पुन्हा हिरवा व्हायचा, तर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हवी. बागायतदाराला ती परवडते. शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनाने काय करावे? संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत हाच प्रश्न उभा राहिला. सारा डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करणे, हा त्यावरचा मार्ग ठरला. गरिबाच्या ताटातला घास काढून घेणारी हिरवळ टिकत नाही, हा त्यातला धडा. पुढे १९९९-२००० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाणलोट विकास निधीची घोषणा झाली आणि तो नाबार्डकडे सोपविण्यात आला. अशा रीतीने गावांतील अनुभव राष्ट्रीय धोरणापर्यंत पोहोचला.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १ जानेवारी १९९० चा शांतिदिन-संदेश सृष्टीच्या रक्षणाला वाहिला. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्राने धरतीचा आक्रोश आणि दरिद्र्यांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले. उत्पत्तीच्या पुस्तकात मनुष्याला बागेची मशागत आणि राखण अशी दोन्ही कामे दिली आहेत. त्यांतील राखणीचा अर्थ आपल्या मराठी मातीत कुदळीने लिहिला गेला, हे आपण विसरू नये.

फादर बाखर २०२१ साली प्रभूच्या घरी गेले. आपल्या धर्मग्रामांत पावसाळ्यात वृक्षारोपण होते, मुलांच्या चित्रस्पर्धाही होतात, त्या व्हाव्यातच. मात्र धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना एकदा ओढ्याच्या काठाने वर, त्याच्या उगमापर्यंत चालवत न्यावे आणि तिथे कोण राहते, ते काय पितात, हे विचारायला शिकवावे. कयाधूचे भवितव्यही नर्सीच्या घाटावर ठरणार नाही. ते वरच्या माळांवर ठरेल.