काचेच्या डोहाची कुळकथा

नंदुरबार, शहादा किंवा नवापूर येथील एखाद्या दिवाणखान्यात पाणवनस्पतींच्या हिरव्या झालरीतून हातभर लांबीचा मासा संथपणे फिरताना दिसला, म्हणजे पाहणाऱ्यास ती एकाच हौसेची निष्पत्ती वाटते. वस्तुतः त्या काचपात्रात दोन भिन्न कुळांची सोयरीक झालेली असते, आणि त्या कुळांच्या रीतिभाती परस्परांशी फारशा जुळणाऱ्या नसल्यामुळेच पाणी गढुळणे, रोपे उपटली जाणे, मासा धापा टाकू लागणे इत्यादी कुरबुरी त्या संसारात वरचेवर उद्भवतात.

पहिले कुळ मोठ्या माशाच्या सहवासाचे. ते आपल्या मुलखात पुष्कळ जुने आहे. कल्याणीच्या चालुक्यवंशातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नामक स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्रातले कोणते व नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोणास कसले खाद्य घालून पुष्ट करावे, याचा तपशील त्यात राजाने शास्त्रीय शिस्तीने नोंदविला आहे. त्या विनोदाचा शेवट गळाने मासा धरण्यात होत असला, तरी माशाला नित्य खाऊ घालून आपलासा करण्याची कला त्यात स्पष्ट दिसते. देवस्थानांनी ती कला उचलली आणि तीतला गळ तेवढा वगळला. वैतरणेकाठी वाड्याजवळच्या तिळसे येथे, महाडनजीक काळ नदीवरील वाळणकोंडीत वरदायिनीच्या आश्रयाने, अथवा इंद्रायणीतीरी देहूस जे थोर मासे भाविकांच्या श्रद्धेने निर्भय झाले, त्यांना पकडण्याची वहिवाट नाही. खाऊ घालण्याची मात्र आहे. यांतील प्रमुख मासा म्हणजे खडस, अर्थात महाशीर, ज्याची एक जात नर्मदा आणि तापी या, नंदुरबार जिल्ह्याच्या दोन्ही थोर नद्यांतही नांदत आली आहे. या सगळ्या व्यवहारात माशाच्या विष्ठेचे पुढे काय होते हा प्रश्न कोणासही पडला नाही, कारण तो नदी परस्पर निकालात काढीत होती.

दुसरे कुळ लंडनचे, आणि त्याचा मूळपुरुष मासा नसून वनस्पती आहे. मेणबत्ती विझवून टाकणारी कोंदट हवा पुदिन्याच्या डहाळीने पुन्हा शुद्ध होते असे जोसेफ प्रीस्टली याने १७७१ मध्ये दाखविले. हे कार्य सूर्यप्रकाशातच घडते असे १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ याने सिद्ध केले. आणि बंद बाटलीत नेचा आपोआप तगून राहतो हे १८२९ च्या सुमारास नॅथॅनियल वॉर्ड या वैद्याच्या ध्यानी आले. या धाग्यांची वीण पाण्यात उतरविली ती रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने. त्याने १८४९ मध्ये १२ गॅलनांच्या पात्रात वाळू, गाळ व दगड घालून त्यात व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन छोटे सोनेरी मासे सोडले. प्रारंभी सर्व सुरळीत चालले. परंतु जुनी पाने कुजू लागताच पाणी हिरवट व गढूळ झाले. तेव्हा त्याने पाच-सहा गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकी पाने फस्त केली, आणि पाणी निवळले. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशाने कर्बवायू द्यावा, गोगलगायीने सडके तेवढे उचलावे, असा हा तिघांचा करार त्याने १८५० च्या मार्च महिन्यात लंडनच्या रसायनशास्त्रीय सभेपुढे मांडला.

कराराची कीर्ती फैलावण्यास राज्यकारभारातील एक निर्णयही कारणीभूत झाला. इंग्लंडमध्ये शंभर वर्षे चालत आलेली काचेवरील जकात १८४५ मध्ये रद्द झाली होती, आणि त्यामुळे काचेची मोठी तावदाने मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस याच्या ग्रंथाने ही हौस घरोघर नेली. १८५६ मध्ये एमिल रॉसमेस्लर याने जर्मन वाचकांस काचेतल्या सरोवराची ओळख करून दिली. आपल्याकडे या कुळाची सार्वजनिक प्रतिष्ठापना १९५१ मध्ये झाली, जेव्हा मुंबईच्या समुद्रकिनारी तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाले.

मौज अशी की, लंडनच्या प्रयोगात ज्या वनस्पतिकुळाने कीर्ती मिळविली, ते कुळ आपल्या संथ नद्यांना व तळ्यांना मुळीच परके नाही. व्हॅलिस्नेरियाची फितीसारखी लांब पाने आणि हायड्रिलाचे मंडलाकार पानांचे दोर यांना आपण सरसकट शेवाळ म्हणून बाजूला सारतो. उत्तर हिंदुस्थानातील खांडसारी कारागीर मात्र असलेच शेवाळ कच्च्या साखरेवर पसरून, त्याच्या ओलाव्याने मळी निथळवून ती शुभ्र करीत. व्हॅलिस्नेरियाचा विवाहविधीही पाहण्याजोगा: स्त्रीपुष्प वेटोळ्या देठावर चढत पाण्याच्या पृष्ठभागी येते, सुटी झालेली सूक्ष्म पुंपुष्पे तरंगत त्याच्याकडे जातात, आणि फलधारणेनंतर देठ आवळून फळ तळाशी ओढून नेतो.

नंदुरबारच्या दृष्टीने या दोन वनस्पतींचा याहून मोठा गुण रासायनिक आहे. जिल्ह्याचा पाया बेसाल्ट खडकाचा, त्यामुळे विंधण विहिरीचे पाणी बहुधा जड असते, आणि अशा पाण्यात मुक्त कर्बवायू अल्प, बायकार्बोनेट मात्र विपुल असते. त्या बायकार्बोनेटातून कार्बन खेचून घेण्याचे सामर्थ्य व्हॅलिस्नेरिया व हायड्रिला या दोघींत आहे. उलट जपानच्या ताकाशी अमानो याने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय केलेल्या नाजूक जलोद्यानांतील कित्येक रोपे मृदू पाण्याची व कर्बवायूच्या नळकांड्याची अपेक्षा बाळगतात. तापीकाठच्या मनुष्याने ती हौस उसनी आणण्याचे प्रयोजन नाही.

आता दोन्ही कुळांची गाठ जेथे पडते तेथे येऊ. वॉरिंग्टनचा करार दोन छोट्या माशांपुरता होता. शोभिवंत माशांच्या दुकानांतून सर्रास मिळणारा, अमेझॉनच्या खोऱ्यातला ऑस्कर वाढून फूटभर होतो, तळ उकरतो आणि रोपे मुळासकट काढतो. आपल्याकडील मरळ पृष्ठभागी येऊन हवा घेतो, म्हणून पाण्यातील प्राणवायू घटला तरी तो चटकन दगावत नाही, आणि याच कारणाने पाणी निर्धोक असल्याचा खोटा भरवसा मालकास वाटतो. खरा शत्रू अमोनिया आहे, जो मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे सतत बाहेर टाकतो, आणि जो पाणी जितके अल्कधर्मी व उष्ण तितका अधिक विषारी ठरतो. नंदुरबारच्या वैशाखात या दोन्ही अटी एकदम पुऱ्या होतात. शिवाय २० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. या पेचावरील तोड त्याच घराण्यातून निघाली. वॉरिंग्टनचा मुलगा, रॉबर्ट हेच नाव धारण करणारा कृषिरसायनज्ञ, याने रॉथॅमस्टेड येथे नायट्रीकरणाचा अभ्यास करून, अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव निरनिराळे असल्याचे दाखविले. ते जीव वेगळे काढण्याचे श्रेय १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की याला मिळाले. आजच्या गाळणीपात्रातील स्पंज आणि खडे म्हणजे या जीवांची वसाहतच होय.

तेव्हा मोठ्या माशासाठी हिरवे पात्र मांडणाऱ्याने १८० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद व उंच, म्हणजे सुमारे ६५० लिटरांचे पात्र धरावे, आणि त्यातील पाण्याचेच वजन साडेसहाशे किलो होते हे ध्यानी घेऊन खालची मांडणी भक्कम करावी. तळाशी काळी माती घालू नये, कारण ती फुगते, गढुळते व चुनखडीचे खडे बाळगते. धुतलेली भरड वाळू पुरे. व्हॅलिस्नेरिया मासा सोडण्यापूर्वीच लावून तिच्या मुळांभोवती वजनदार गोटे रचावेत, आणि जाड पानांची अनुबियास वाळूत न पुरता दगडाला बांधावी. मरळ असल्यास झाकण अपरिहार्य, कारण तो उडी मारतो. वसाहत वसण्यास काही आठवडे लागतात. तोवर मोठा मासा आणू नये, आणि आणावयाचा तो एकच. खडस मात्र नदीतच असू द्यावा, त्यास वाहते पाणी लागते.

एवढे करूनही नायट्रेट साचत जाते, आणि हातभर माशाची सारी मळी रिचवील इतकी हिरवळ कोणत्याही घरगुती पात्रात मावत नाही. म्हणून दर आठवड्यास चतुर्थांश पाणी काढून, क्लोरिन उडून जाण्यासाठी दिवसभर उघडे ठेवलेले नळाचे पाणी त्यात भरावे लागते. वॉरिंग्टनच्या करारात सामील नसलेला हा चौथा पक्ष मोठ्या माशाच्या घरी मुख्य ठरतो, कारण डोहात जे काम तापी अहोरात्र फुकट करते, ते काचेत बादली हाती घेऊन मालकासच तहहयात करावे लागते; आणि ज्यास ती चाकरी नको, त्याने मोठ्या माशाला नदीच्या घाटावर खाऊ घालण्याची जुनी रीत पत्करावी, हे दोन्ही कुळांच्या दृष्टीने अधिक शोभादायक होय.