पळवणकर बाळू आणि कर्णधारपदाचा मान

मुंबईच्या क्रिकेटचा वृत्तान्त बहुधा जिमखान्यांच्या स्थापनेपासून सांगितला जातो; परंतु त्या जिमखान्यांच्या उदारतेची कसोटी पाहणारी कारकीर्द पळवणकर बाळू या डावखुऱ्या गोलंदाजाची होय. १८७६ साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या बाळूंनी पुणे क्लबात दरमहा चार रुपयांवर चाकरी धरली. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, जाळी बांधावी आणि ग्रेग नामक निष्णात फलंदाजास तासन् तास चेंडू टाकावेत, हा त्यांचा नित्यक्रम होता. त्याच सरावातून अचूक टप्पा, गतीतील फेरफार आणि दोन्ही बाजूंना वळणारी फिरकी त्यांच्या हाती आली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे मिळाली नाही. पुढे हिंदू संघाने त्यांना सामन्यांत घेतले, तरी त्यांनी टाकलेला चेंडू निःशंकपणे झेलणाऱ्या सवर्ण सोबत्यांच्या पंक्तीस ते बसू शकत नसत, आणि त्यांचा चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून येई.

प्लेगच्या सुमारास ते मुंबईस आले, रेल्वेत नोकरीस लागले, आणि काही सभासदांचा विरोध असतानाही हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांचा प्रवेश झाला. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, तेव्हा बाळू व त्यांचे बंधू शिवराम हे दोघेही त्या संघात होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात पतियाळाच्या महाराजांचा संघ बहुतेक सामने हरला असता एकट्या बाळूंनी शंभराहून अधिक बळी मिळवले. परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला.

एवढा लौकिक होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्यास आले नाही. गोलंदाजाने घेतलेले बळी निमूटपणे स्वीकारता येतात, कर्णधाराचा हुकूम मात्र पाळावा लागतो. समाजाची खरी अडचण येथे होती. १९२० साली बाळूंना वगळून आणि विठ्ठल या धाकट्या बंधूचा हक्क डावलून नेतृत्व इतरत्र दिले गेले, तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले. या निषेधाचा परिणाम होऊन त्या वर्षीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार करण्यात आले, आणि १९२३ मध्ये विठ्ठल हे हिंदूंचे कर्णधार झाले.

खेळातून मिळालेली प्रतिष्ठा बाळूंनी राजकारणात नेली. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघात काँग्रेसतर्फे ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले, आणि १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी पराभूत झाले. दोघांचे मार्ग भिन्न होते. परंतु अस्पृश्यतेचा अनुभव दोघांनीही प्रत्यक्ष भोगलेला होता.

१९५५ साली बाळूंचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, ही त्यांची कामगिरी कोणत्याही काळात थोरच ठरावी. तथापि त्यांना नाकारलेल्या कर्णधारपदाची नोंद त्या आकड्यांशेजारी केल्याखेरीज मुंबईच्या क्रिकेटचे दप्तर पुरे झाले, असे म्हणता येणार नाही.