मांडीवर बैलाचा मेंदू

मांडीवरची पिशवी घट्ट धरा. आत बैलाचा मेंदू आहे, अगदी ताजा. खाटकाने मघाशीच बांधून दिलाय.

ही लंडनची भुयारी गाडी, 1970 च्या आसपासची. डब्यात सिगारेटचा धूर इतका की समोरच्याचा टाय दिसतो, तोंड दिसत नाही. भिजलेल्या लोकरी कोटांचा कुबट वास त्यात मिसळलाय. शेजारच्या बाई पिशवीकडे बघताहेत. तळाला ओल आलीय. हसून वेळ मारून न्या. खरं सांगितलंत तर अख्खा बाक मोकळा होईल.

बरं, कुठलाही खाटीक चालत नाही. डोक्यावर घाव घालून मारलेल्या जनावराच्या मेंदूत रक्त साकळतं आणि त्याच्या आतलं जे चित्र काढायचंय त्याचा विचका होतो. म्हणून वाकडी वाट करून ज्यू खाटकाकडे जायचं. तिथे गळा चिरतात, डोकं शाबूत राहतं.

गाडी बदलून हेजला उतरा. आजोबांच्या तबकड्यांवर कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेला एचएमव्हीचा कुत्रा आठवतोय? त्याच्या मालकांचा, ईएमआयचा, हा परिसर. पण या प्रयोगशाळेत गाणंबिणं काही नाही. जुन्या लेथच्या सांगाड्यावर गॉडफ्रे हाउन्सफिल्ड नावाचे इंजिनिअर वाकलेत. द्या त्यांना पिशवी.

एका बाजूने क्ष-किरणांची बारीक रेघ, पलीकडे ती मोजणारं यंत्र. दोन्ही मिळून सरकतात, घर्रर्र. 160 नोंदी. मग मेंदू एक अंश वळतो, खट्. पुन्हा घर्रर्र. असं 180 वेळा. म्हणजे एका चित्रापायी 28,800 आकडे.

आधी गॅमा किरणांवर याला नऊ दिवस लागायचे, आता नऊ तास. नऊ तासांत मेंदूचं काय होतं ते नाकाला विचारा. तो कुजायला लागतो, आत वायूचे बुडबुडे धरतात आणि मोजणी चालू असतानाच फुगत जातात. रुमाल आणलाय ना?

आकडे जमले, तरी चित्र अजून कुठेच नाही. प्रत्येक आकडा म्हणजे एका रेघेत किती किरण अडले त्याची बेरीज. हजारो आडव्या-तिरप्या बेरजा हातात आहेत, त्यावरून चित्राच्या प्रत्येक घरात काय दडलंय ते शोधायचं. हे कोडं सोडवायला मोठ्या कॉम्प्युटरलाही सुरुवातीला अडीच तास लागायचे.

यंत्र आता माणसांपर्यंत पोहोचलंय. तुम्हीच आडवे व्हा. विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात आहात. डोकं रबरी टोपीत, टोपीभोवती पाण्याची पेटी. कानाशी तीच घरघर. मेंदूच्या आडव्या कापांचं चित्र घ्यायला दर फेरीला चार-पाच मिनिटं, तोवर हलायचं नाही. नाक खाजतंय? खाजू दे.

तुमच्या आधी, 1 ऑक्टोबर 1971 ला, इथे एक बाई झोपल्या होत्या. मेंदूत गाठ असल्याचा संशय. आकड्यांची चुंबकीय फीत शहराच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरकडे धाडली. परत आलं ते 80 गुणिले 80 चौकटींचं भरड चित्र, आपल्या भरतकामाच्या नमुन्यासारखं. पण कपाळामागची गाठ त्यात स्वच्छ दिसत होती. हाउन्सफिल्ड आणि डॉक्टर जेम्स ॲम्ब्रोज, दोघे भारदस्त गृहस्थ, गोल मारल्यासारखे उड्या मारू लागले.

ते काप एकावर एक रचायचे म्हटले, की कवटी उभी राहते. आज डॉक्टर ती माउसने गरागरा फिरवतात, हाड बाजूला सारून रक्तवाहिन्या दाखवतात. आपण खुर्चीत बसून ‘वा’ म्हणतो. त्या रंगीत कवटीचा कणन्‌कण मात्र अजूनही एक आकडाच आहे.

पुढच्या वेळी घरात कुणाचा सीटी स्कॅनचा, म्हणजे याच यंत्राचा, रिपोर्ट आला, तर त्यात एच.यू. ही अक्षरं शोधा. पाणी शून्य, हवा उणे 1000, अशी ती मोजपट्टी आहे. त्यातला एच म्हणजे हाउन्सफिल्ड.