विमानाच्या टाकीची होडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

होडी म्हटली की माझ्यासारख्या खाडीकाठच्या माणसाला ओलं लाकूड आणि मासळीचा वास आठवतो. लाओसमधल्या हिनबून नदीच्या काठाला मी जी होडी पाहिली, तिला असला काही वास नव्हता. ती अ‍ॅल्युमिनियमची होती, लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळती. भाचा म्हणाला, "मामू, हा तर उभा चिरलेला बॉम्ब दिसतोय."

बॉम्ब नव्हता तो. अमेरिकन विमानांच्या पोटाखाली लावलेली इंधनाची जादा टाकी होती. इंधन संपलं की वैमानिक टाकी खाली सोडून देत. गावकऱ्यांनी त्या टाक्या उचलल्या आणि त्यांच्या होड्या केल्या.

भाचा नोकरीनिमित्त थायलंडमध्ये असतो. नाखोन फानोमहून मेकाँग नदीवरचा, २०११ साली सुरू झालेला पूल ओलांडून आम्ही थाखेकला आलो आणि मोटारसायकल भाड्याने घेतली. गाडी चालवणार तो, मागे मी. साधारण साडेचारशे किलोमीटरचा फेरा. दोन्ही बाजूंना चुनखडीचे सरळ उभे डोंगर आणि त्यांच्या पोटात गुहाच गुहा. थाम पा फा नावाच्या गुहेत तर २००४ साली वटवाघळं धरायला चढलेल्या एका गावकऱ्याला बुद्धाच्या २२९ मूर्ती सापडल्या.

हाच बारा नंबरचा रस्ता पुढे मू जिया खिंडीतून व्हिएतनाममध्ये जातो. हो चि मिन्ह मार्गाची ही एक मुख्य वाट. ती तोडण्यासाठी आणि लाओसमधल्या यादवी युद्धात एका पक्षाला मदत म्हणून अमेरिकेने १९६४ ते १९७३ या काळात ५ लाख ८० हजार उड्डाणं केली, २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. जंगलात आवाज टिपणारी यंत्रं टाकली होती. त्यांचे संदेश ऐकण्याचं केंद्र होतं नाखोन फानोमच्या तळावर. आदल्या रात्री आम्ही ज्या गावात निवांत झोपलो, तेच हे गाव!

यात आपलाही एक धागा आहे. १९५४च्या जिनिव्हा करारानंतर लाओसवर देखरेखीसाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं. सोबत कॅनडा आणि पोलंड. १९६२ साली पुन्हा जिनिव्हातच लाओसच्या तटस्थतेवर सह्या झाल्या. पण आयोगाच्या हाती होते ते फक्त अहवाल. विमानं काय, अहवालाच्या वरून उडत होती.

कोंग लोरची गुहा सात किलोमीटरहून लांब, आणि आतून नदी वाहते. आमची होडी मात्र लाकडाची, यंत्रावर चालणारी. कपाळाला दिवा बांधून आम्ही बसलो. पाणी उथळ झालं की उतरायचं, नावाडी ढकलणार, पुन्हा बसायचं. वर छत कुठे आहे ते दिव्याला सापडत नव्हतं. मी मनातल्या मनात आयतल कुर्सी म्हणत होतो, हे कबूल करतो.

पलीकडे उजेडात आलो. भाचा फोटोसाठी पायवाट सोडून झुडपांत शिरला, तशी तंबाखूच्या शेतातली एक बाई ओरडली. भाषा कळली नाही, पण तिचा हात जमिनीकडे होता. "बॉम्बी," ती म्हणाली. चेंडूएवढ्या बॉम्बला तिथे बॉम्बी म्हणतात. असे २७ कोटी टाकले गेले. त्यातले ८ कोटींपर्यंत फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. २००८ साली अशा बॉम्बवर बंदीचा करार झाला, तो २०१०मध्ये लागू झाला. लाओस त्यात आहे. अमेरिका नाही, आणि आपणही नाही.

भाचा आपल्याच पावलांच्या खुणांवर पाय ठेवत परत आला. पंधराएक पावलंच होती. मी ती मोजली.