मिल पडली, माग राहिला

सोलापूरला ‘गिरणगाव’ म्हणायची सवय इतकी अंगवळणी पडली आहे, की गिरण्यांबरोबर गावही संपलं असं मानून पुष्कळ जण मोकळे होतात. १८७७ मध्ये उभी राहिलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे सोलापूरकरांची ‘जुनी मिल’, १९६० च्या दशकात बंद पडली. लक्ष्मी-विष्णू मिल १९९० च्या दशकात. तरीही २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती. भोंगा थांबल्यावर एवढी माणसं राहिली कशाच्या आधारावर? माझ्या मते त्याचं उत्तर चिमणीखाली सापडत नाही, शहराच्या पूर्व भागातल्या घरांत सापडतं.

तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या पेठांतून माग कधी हटलाच नाही. हातमागाच्या जागी यंत्रमाग आला, त्यावर जेकार्डची चादर आली. पण माग खाली किंवा पुढच्या खोलीत आणि संसार वर किंवा मागे, ही मांडणी पुष्कळ घरांत टिकली. सूत रंगवणं, कांड्या भरणं, विणणं, काठ शिवणं, घड्या घालणं ही कामं शेजारपाजारच्या घरांत वाटलेली. त्यामुळे एका मालकानं कुलूप लावलं तरी सगळी गल्ली एका दिवसात बेकार होत नाही. गिरणीत मात्र तसंच व्हायचं.

हे दारिद्र्याचं कौतुक झालं, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो खोटा नाही. घरातल्या कामाला पाळी नसते, म्हणून ते संपतही नाही. घरातच बिडी वळणारी बाई मांडीवरच्या सुपात पत्र्याच्या मापानं पान कापते, तंबाखू भरून दोरा बांधते आणि हजाराच्या हिशेबानं बिड्या कारखान्यात नेऊन देते. तिथं ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे श्रम तिचेच बुडतात. गिरणीतल्या पुरुषाचा पगार गेला तेव्हा अनेक घरं या सुपानं तोलली. शहर टिकलं याची किंमत तिनं मोजली, हे लिहायला हवंच. पण विखुरलेल्या कामगारांची एकजूट होत नाही, हा पुढचा निष्कर्ष इथं लटका पडतो. याच बायका संघटनेत आल्या आणि सोलापूरजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरकुलं २००६ मध्ये त्यांच्या ताब्यात आली. गिरणी कामगारांच्या हाती मात्र मिल बंद झाल्यावर बहुधा थकबाकीचे दावेच उरले.

पोरं पुण्याला जातात, हा दुसरा मुद्दा. जातातच, मागावर बसायला त्यांना नको वाटतं, त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असते. ती भाकरीही आता विकायचा माल झाली आहे, आणि पुष्कळदा कुणाच्या तरी घरातच थापली जाते.